वंशावळीतल्या चुली

आमच्या गावाचे नाव महाळुंगे. पुणे जिल्ह्यात या नावाची गावे एकाहून अधिक आहेत, म्हणून खेड तालुक्यातले आमचे गाव ‘महाळुंगे इंगळे’ आणि आंबेगाव तालुक्यातले ते ‘महाळुंगे पडवळ’, अशी माणसांसारखी गावांनाही आडनावे लागली आहेत. चाकणहून तळेगावला जाणाऱ्या रस्त्यावर आमचे गाव लागते. एका अंगाला भामा नदीचे खोरे, दुसऱ्या अंगाला देहू आणि इंद्रायणी, आणि मध्ये आमची माळरानाची, बाजरी-हुलग्याची जमीन. आज तिथे बाजरी शोधू गेलात तर सापडणार नाही. कारखान्यांच्या भिंती, मालमोटारींच्या रांगा आणि परप्रांतांतून आलेल्या कामगारांच्या खोल्या एवढेच दिसेल. 1999 साली बजाजचा दुचाकींचा कारखाना इथे सुरू झाला आणि त्यामागोमाग देशोदेशीचे मोटारवाले आले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझा एक मुलगा तिथल्याच एका कारखान्यात पोटाला लागला आहे.

मूळ पुरुष शोधण्याचा नाद मला उतारवयात लागला. 2023 साली सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीकडे जुन्या कुणबी नोंदी शोधण्याचे काम दिले, आणि गावोगाव एकदम मोडी वाचणाऱ्यांना भाव आला. ज्यांनी आजोबांचे नाव कधी विचारले नव्हते ते खापरपणजोबांच्या नावासाठी तहसील कचेरीत रांगा लावू लागले. मीही त्या रांगेत उभा राहिलो. दाखला हे निमित्त. मनात खरे तर वेगळेच कुतूहल होते. आमच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या सांगतात की आमचा मूळ पुरुष चाकणच्या किल्ल्यात फिरंगोजी नरसाळ्यांच्या हाताखाली लढला. 1660 साली शाएस्तेखानाने त्या संग्रामदुर्गाला वेढा घातला आणि मूठभर माणसांनी तो जवळजवळ दोन महिने झुंजवला, हा इतिहास खराच आहे. पण आमच्या पंचक्रोशीतले प्रत्येक घराणे आपला पूर्वज त्या किल्ल्यात होता असे सांगते. तेवढी सारी माणसे खरोखर आत असती तर बिचाऱ्यांना उभे राहायलाही जागा उरली नसती!

असो. कागद काय सांगतात ते पाहावे म्हणून मी उलट्या पावलांनी निघालो. आधी सातबारा, मग फेरफाराची पुस्तके. मुंबई इलाख्यात 1903 च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली, तेव्हापासून कोण मेला, कोण वारस लागला, कोणी कोणास जमीन गहाण दिली हे सारे त्यांत सापडते. त्याच्या जोडीला गाव नमुना चौदा, म्हणजे ज्याला आपण कोतवालबुक म्हणतो ते जन्ममृत्यूचे पुस्तक. मोडीतला मजकूर मला वाचून दाखवणारे एक निवृत्त शिक्षक भेटले. एका हिवाळ्यात आम्ही दोघांनी मिळून सहा पिढ्या गाठल्या.

त्या सहा पिढ्यांत जमीन कशी विरघळत गेली हे पाहून जीव थोडा थोडा झाला. पणजोबांच्या नावावर असलेले एक शेत चार फाळ्यांत, मग अकरा फाळ्यांत, शेवटी गुंठ्यांत. हे दुखणे आमच्या एकट्याचे नव्हते. पुण्याच्या शेतकी कॉलेजातले डॉ. हॅरल्ड मॅन यांनी 1917 साली पिंपळे सौदागर या गावचा अभ्यास छापला. हे गाव आता पिंपरी-चिंचवड शहराच्या पोटात आहे. त्यात त्यांनी दाखवले की 1771 साली तिथे सरासरी धारणा 40 एकरांची होती, 1818 साली ती साडेसतरा एकरांवर आली आणि 1915 च्या सुमारास अवघ्या 7 एकरांवर. वंशवृक्षाला जितक्या फांद्या फुटल्या तितके शेताला बांध पडले.

पण फेरफार वाचता वाचता मला दुसरीच एक गोष्ट खटकू लागली. सहा पिढ्यांतले पुरुष मला सापडले होते. बायका मात्र कुठेच नव्हत्या. क्वचित कुठे ‘अमक्याची विधवा’, कुठे ‘अज्ञान मुलाची पालनकर्ती आई’. कागदाचा स्वभावच असा की ज्याच्याकडून सारा वसूल करायचा त्याचे नाव तो लिहितो. जिने त्या साऱ्याचे धान्य पाखडले, निवडले, दळले, तिच्याशी सरकारचे काही देणेघेणे नव्हते.

मग मला वाटले की या बायकांचा माग कुठे तरी असणारच. आणि तो चुलीपाशी असणार.

आमच्या घरचे जेवण साधे. सकाळची न्याहरी म्हणजे शिळी भाकरी आणि ठेचा. दुपारी शेतावर भाकरी, कांदा आणि काही तरी कोरड्यास. रात्री हुलग्याचे माडगे. हुलगे भाजायचे, जात्यावर दळायचे, ते पीठ पाण्यात कालवून मंद आचेवर रटरटू द्यायचे. पोरांसाठी गूळ, थोरांसाठी मीठ आणि लसूण. जेवणात तेल असे ते कारळ्याचे किंवा करडईचे, लाकडी घाण्याचे. चुलीच्या शेजारच्या वैलावर कालवण मुरत असे, आणि काठवटीत मळलेल्या पिठाची भाकरी तव्यावरून थेट निखाऱ्यावर जाऊन टम्म फुगत असे. सणाला पुरणपोळी, आषाढात गुळाच्या कापण्या, दिवाळीला कडबोळी, करंज्या आणि एखाद्या वर्षी साधलेच तर अनारसे. 1972 च्या दुष्काळात मी ऐन विशीत होतो. रेशनवर अमेरिकेचा तांबडा मिलो मिळे. आई त्याची भाकरी थापताना तोंडाने काही बोलत नसे, पण थापण्याचा आवाज निराळा येई.

आपण ज्याला ‘अगदी जुने खाणे’ म्हणतो ते तपासून पाहिले तर मौज वाटते. ज्या ठेच्याशिवाय आमचा घास उतरत नाही, त्यातली मिरची पोर्तुगीजांच्या मागून सोळाव्या शतकात या देशात आली. भुईमूग आणि चाकणच्या बाजारात पोत्यांनी येणारा बटाटा, हीही दोघे अमेरिका खंडातून आलेली. म्हणजे ज्ञानदेवांच्या काळी आळंदीला कोणी ठेचा-भाकरी खाल्ली असेल तर तो ठेचा मिरचीचा नव्हता. उलट ज्या हुलग्याला आज कोणी विचारत नाही, त्याची वंशावळ पाहा. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी 1968 पासून सुमारे पंधरा वर्षे उत्खनन केले. इसवी सनापूर्वी 1600 ते 700 या काळातल्या शेतकऱ्यांची घरे, चुली आणि धान्याची पेवे त्यांना सापडली. जव, मसूर यांच्याबरोबर जळके हुलगेही मिळाले. आम्ही सहा पिढ्यांवर थांबलो होतो. आमच्या माडग्याने तीन हजार वर्षे मागे टाकली होती!

आता या जेवणातले दोन पदार्थ मात्र आमच्या घरात उपरे होते. पहिला मासवडी. हरभऱ्याच्या डाळीचे पीठ शिजवून ओल्या फडक्यावर थापायचे, त्यावर तीळ, सुके खोबरे, भाजलेला कांदा आणि लसूण यांचे सारण पसरायचे, फडक्यानेच गुंडाळून त्रिकोणी लांबट वळी करायची आणि कापून झणझणीत रश्श्याबरोबर वाढायची. नाव मासवडी, पण त्यात मासा नाही. वड्यांचा आकार तेवढा माशाच्या तुकड्यासारखा. ही जुन्नर-आंबेगावाकडची चीज. माझी आजी जुन्नरकडची, म्हणजे ती वाट समजली. दुसरा पदार्थ होता गूळभात. बलिप्रतिपदेला, ज्या दिवशी गोठ्यात शेणाचे पांडव मांडतात त्या दिवशी, आमच्या घरी नव्या तांदळाचा गूळ घातलेला भात नैवेद्याला लागे. आमच्या माळावर भात पिकत नाही. भावकीत दुसऱ्या कोणाकडे ही चाल नाही. का म्हणून विचारले तर ‘आपल्यात असंच आहे’ एवढेच उत्तर.

हे कोडे घेऊन मी आत्याकडे गेलो. ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वय अठ्ठ्याऐंशी, डोळे अधू, आठवण मात्र लख्ख. मी वही-पेन काढून ओसरीवर बसलो आणि शेंगोळ्यांपासून सुरुवात केली. ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली.

“आता आठवण झाली व्हय रं?” ती म्हणाली. “कागदावर माझा आंगठा घेतलास, तवा च्या सुदीक पाजला नव्हतास. आता शेंगुळ्याची कृती इचारतोस!”

मला मान वर करवेना. नव्वदीच्या सुमारास जमिनी औद्योगिक वसाहतीत जाऊ लागल्या तेव्हा तलाठी भाऊसाहेबांपुढे वंशावळ लिहून द्यावी लागली. ती मीच माझ्या हाताने लिहिली. 1956 च्या वारसा कायद्याने बापाच्या हिश्शात मुलीचाही वाटा होता, हे मला चांगले ठाऊक होते. म्हणूनच तर आत्याला चाकणला नेऊन हक्कसोडीवर तिचा अंगठा घेतला. गावात सगळेच तसे करत होते. बहिणीने वाटा मागितला तर माहेर तुटते, अशी समजूत घालण्याची रीतच होती. 2005 च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध हक्क मिळाला, पण तोवर आमचे कागद होऊन गेले होते. आमच्या घराण्याच्या साऱ्या दप्तरात आत्याचे नाव एकदाच आले आहे, आणि तेही हक्क सोडण्यासाठी.

थोड्या वेळाने तीच उठली. हुलग्याचे पीठ काढले, त्यात लसूण, जिरे, तिखट, मीठ घालून घट्ट मळले, दोन्ही तळव्यांत वळून लांबट वळ्या केल्या, त्यांची वेटोळी उकळत्या पाण्यात सोडली. “लिव्ह,” म्हणाली, “पीठ सैल झालं तर ईरघळतं.” मी लिहीत गेलो. गूळभाताचे विचारले तेव्हा म्हणाली, “ते माझ्या आईचं न्हवं. तिच्या सासूच्या सासूचं. ती भाताच्या मुलखातली व्हती, असं आई सांगायची. नाव मला ठाव न्हाई.”

नाव मिळाले ते नाशिकला. रामकुंडावरचे तीर्थोपाध्ये आपल्या यजमानांच्या नामावळ्या पिढ्यान् पिढ्या जपून ठेवतात. गाव, जात आणि आडनाव सांगितले की ते बाड काढतात, हे मी ऐकून होतो. आमच्या उपाध्यांनी लाल कापडात बांधलेले बाड सोडले, पाने उलटली आणि बोट ठेवले. माझ्या पणजोबांनी आईच्या अस्थी आणल्या होत्या. त्या नोंदीत प्रथमच एका बाईचे नाव होते, आणि पुढे तिचे माहेर होते: मावळातले एक गाव. मावळ म्हणजे आंबेमोहराचा, पावसाचा, भाताच्या खाचरांचा मुलूख. आमच्यापासून फार तर एका दिवसाची बैलगाडीची वाट.

गूळभात तिनेच आणला, याला हा पुरावा म्हणता येणार नाही, हे मला कळते. इतिहासकार एवढ्यावर शिक्का मारणार नाही. पण भाताच्या मुलखातून बाजरीच्या घरात आलेली एक पोर, वर्षातून एकदा, माहेरच्या शेतात नवा भात झोडपला जात असेल त्या दिवसांत, मूठभर तांदूळ चुलीवर ठेवते आणि तो नेम तिच्या सुना पाच पिढ्या मोडत नाहीत, हे मला त्या सहा पिढ्यांच्या फेरफारांइतकेच खरे वाटते. उपाध्ये म्हणाले, “आपलीही नोंद करू या.” मी माझे नाव सांगितले, मग थांबलो आणि म्हणालो, “गुरुजी, आधी आत्याचे लिहा.”

तुकोबांनी घरची कर्जखते इंद्रायणीत सोडली असे परंपरा सांगते. आमच्यासारख्यांना तेवढे धैर्य कुठले? पण खते बुडवता येत नसली तर निदान एखादे नवे लिहिता येते. गावठाणातल्या जुन्या घराची दहा गुंठे जागा अजून आमच्याकडे आहे. तिच्यातला काही भाग आत्याच्या मुलीच्या नावे करावा असे मी भावांपुढे काढले. एक हसला, एक रागावला, धाकटा गप्प राहिला. आत्याच्या कानावर गेले तेव्हा ती म्हणाली, “मला काय करायचेत गुंठे? लेकीला भाऊबीजेला बोलवत जा, म्हंजी झालं.” तिने मागितले नाही म्हणून माझे देणे फिटले असे मी समजत नाही. बक्षीसपत्राचा मसुदा वकिलाकडे आहे. दिवाळीनंतर भावांशी पुन्हा बोलायचे आहे.

नव्या वंशावळीचा कागद मी घरी लावला आहे. प्रत्येक पुरुषाशेजारी त्याच्या बायकोचे नाव, तिचे माहेर आणि तिने आणलेला एखादा पदार्थ. ती नावे मी इथे छापत नाही, ती घरच्यांची आहेत. तीन ठिकाणी अजून रिकामी जागा आहे. सुनबाईने परवा तो कागद वाचला, आणि स्वतःच्या नावापुढे पेन्सिलीने आपल्या माहेरचा पदार्थ लिहून टाकला.

यंदा भाऊबीजेला आत्याची लेक यायची आहे. पाडव्याचा गूळभात तिच्यासाठी थोडा झाकून ठेवायला मी सांगितले आहे. तुमच्या घरी अजून एखादी आत्या, एखादी आजी असेल तर फराळाचे ताट पुढे आले की तिला विचारा, हे कोणी शिकवले? आणि त्या शिकवणारीचे नाव काय होते, तेही विचारून ठेवा.