अंगठ्याची साक्ष



आपल्या गावात कुणाच्या घरी जुनी खरेदीखते, कर्जरोखे किंवा वतनाचे कागद असतील, तर एकदा उलगडून पाहा. कागदाच्या शेवटी, जिथे सही असायची, तिथे पुष्कळदा एक लहानसा नांगर काढलेला दिसेल. शेतकऱ्याला लिहिता येत नसे. कागद लिहिणारा त्याच्या नावापुढे नांगर काढी, शेतकरी लेखणीला हात लावी, आणि झाली सही! तिला म्हणत ‘निशाणी नांगर’. बलुतेदारांच्या निशाण्याही अशाच त्यांच्या त्यांच्या अवजारांच्या असत.

आता यातली गोम पाहा. नांगर कुणालाही काढता येतो. तो रामजीने मान्य केला की रामजीच्या माघारी दुसऱ्या कुणी काढला, हे त्या नांगराकडे पाहून कसे कळावे? १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगा केला आणि तो पुढे पुणे-नगर भागात पसरला. त्याची कारणे अनेक होती. अमेरिकेतले यादवी युद्ध संपून कापसाचा भाव कोसळला होता, सारा वाढला होता. पण दंगेखोरांचा डोळा कशावर होता? घरातल्या दागिन्यांपेक्षा कर्जरोख्यांवर. रोखे मागून घेत आणि जाळून टाकीत. कागदात लिहिले आहे एक आणि आपण घेतले एक, ही त्यांची जुनी तक्रार होती. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला आणि त्यात शेतकऱ्याचे दस्त गावच्या निबंधकासमोर लिहिले जावेत अशी तजवीज करावी लागली.

म्हणजे प्रश्न साधा होता: हा माणूस तोच, हे कसे सिद्ध करायचे? याच प्रश्नातून एक मोठे शास्त्र वाढले. त्याला आज आपण न्यायसहायक विज्ञान म्हणतो. न्यायाला साहाय्य करणारे विज्ञान. त्याचा एक महत्त्वाचा धागा आपल्याच देशात, बंगालमध्ये, कातला गेला. आज त्याचीच हकीकत सांगणार आहे.

१८५८ सालच्या जुलै महिन्यातील गोष्ट. बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल नावाचा एक तरुण मुलकी अंमलदार होता. रस्त्याच्या कामासाठी खडी पुरवण्याचा करार त्याने राज्यधर कोनाई या स्थानिक माणसाशी केला. नुसत्या सहीवर त्याचा भरवसा बसेना. त्याने कोनाईच्या तळहाताला शाई लावली आणि कराराच्या पाठीवर पंजाचा ठसा उमटवून घेतला. हेतू एवढाच की, पुढे ‘ही सही माझी नव्हे’ असे म्हणायची त्याची छाती होऊ नये. पण त्या ठशातल्या रेषांनी हर्शेलला वेड लावले. तो वर्षानुवर्षे ठसे जमवीत राहिला आणि त्याच्या लक्षात आले की, माणूस म्हातारा झाला तरी बोटांच्या रेषा बदलत नाहीत. १८७७ साली हुगळी जिल्ह्यात त्याने निवृत्तिवेतन घेणाऱ्यांचे आणि दस्त नोंदवणाऱ्यांचे ठसे घेण्याची वहिवाट पाडली. मेलेल्या माणसाच्या नावाने दुसऱ्यानेच पैसे उचलावेत, या प्रकाराला त्यामुळे आळा बसला.

पुढे १८८० साली जपानमध्ये काम करणाऱ्या हेन्री फॉल्ड्स या डॉक्टरने सुचवले की, ठशांवरून गुन्हेगारही ओळखता येईल. १८९२ साली इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी या विषयावर ग्रंथच लिहिला. तरी एक अडचण उरलीच. समजा, कचेरीत हजारो ठसे आहेत. आज एक माणूस पकडला. त्याचा ठसा आधीच्या हजारोंत आहे की नाही, हे शोधायचे कसे? एकेक कागद काढून पाहू लागलो तर आयुष्य सरेल.

ही गाठ सोडवली ती कलकत्त्याच्या पोलीस कचेरीतील दोघा भारतीयांनी. एक अझिझुल हक. हे खुलना जिल्ह्यातले, प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकलेले. दुसरे हेमचंद्र बोस. बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली दोघे काम करीत.

शिक्षक मित्रांनो, त्यांची युक्ती वर्गात फळ्यावर मांडता येण्याइतकी सोपी आहे. बोटांवरची शंख-चक्रे आपण लहानपणापासून मोजतो. दहा बोटांच्या पाच जोड्या करा. पहिल्या जोडीतल्या बोटावर चक्र असेल तर १६ गुण, दुसऱ्या जोडीला ८, तिसरीला ४, चौथीला २, पाचवीला १. चक्र नसेल तर शून्य. प्रत्येक जोडीतले एक बोट अंशात धरा आणि एक छेदात. बेरजा करा आणि दोन्हींत एकेक मिळवा. अंश १ ते ३२ मध्ये येणार, छेदही १ ते ३२ मध्ये. बत्तीस गुणिले बत्तीस, म्हणजे १०२४. भिंतीला १०२४ खणांचे कपाट लावले की प्रत्येक माणसाचा कागद आपल्या खणात जाऊन बसतो! मग शोधायचे ते त्या एका खणात. पुढचे बारीक पोटभेद निराळे, पण मूळ हिशेब हा. ठशाचे वर्णन तारेने दुसऱ्या गावी कळवण्याची सांकेतिक पद्धत बोस यांनी बसवली.

१८९७ च्या जून महिन्यात सरकारने या पद्धतीला मान्यता दिली आणि कलकत्त्याला रायटर्स बिल्डिंगमध्ये अंगुलिमुद्रा कचेरी सुरू झाली. लंडनच्या स्कॉटलंड यार्डने अशी कचेरी उघडली ती १९०१ साली, म्हणजे आपल्यानंतर. पण पद्धतीला नाव पडले ‘हेन्री पद्धत’. हेन्रीसाहेबांनी १९०० साली पुस्तक लिहिले, त्यात हकांचे नावही नव्हते. पुष्कळ वर्षांनी दोघांना खान बहादूर आणि रायबहादूर असे किताब आणि प्रत्येकी ५,००० रुपये मिळाले. आपल्या हाताखालच्या लोकांत हकांचा वाटा सर्वांत मोठा होता, हे हेन्री यांनीही मग लिहून दिले. उशिरा का होईना, कागदावर आले.

आता एक खटला ऐका. नवी कचेरी सुरू झाली त्याच सुमाराची गोष्ट. जलपायगुडीच्या एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा गळा चिरलेला आढळला. पेटी फोडलेली, पैसे गेलेले. संशय कुणावर? स्वयंपाक्यावर, मळ्यातल्या मजुरांवर, अनेकांवर. पेटीत एक बंगाली पंचांग सापडले आणि त्याच्या वेष्टनावर दोन तपकिरी डाग होते. त्यातला एक उजव्या अंगठ्याचा ठसा निघाला. कलकत्त्याच्या संग्रहात शोधला तेव्हा तो जुळला एका जुन्या नोकराशी. याच व्यवस्थापकाच्या घरी चोरी केल्याबद्दल त्याला पूर्वी शिक्षा झालेली होती.

१८९८ साली खटला उभा राहिला. न्यायालयाने काय केले असेल? चोरीबद्दल शिक्षा दिली, आणि खुनाच्या आरोपातून त्याला सोडले! ऐकताना चुटपुट लागते ना? पण नीट विचार करा. ठसा एवढेच सांगत होता की, याचा हात त्या पेटीतल्या वस्तूला लागला होता. सुरी कुणी चालवली हे प्रत्यक्ष पाहणारा कुणी नव्हता. ठशाने सांगितले तेवढेच न्यायालयाने ऐकले, आणि त्याच्या तोंडी जास्तीचे शब्द घातले नाहीत. १८९९ साली पुराव्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन ठशांच्या तज्ज्ञाचे मत ग्राह्य ठरले.

मला वाटते, या शास्त्राचा पहिला धडा त्या निकालात आहे. जेवढे दिसले तेवढेच सांगावे. हा धडा विसरला की काय होते, तेही सांगतो. २००४ साली स्पेनमध्ये माद्रिद येथे आगगाड्यांत बाँबस्फोट झाले. एका पिशवीवरचा ठसा जुळला म्हणून अमेरिकेच्या एफबीआयने आपल्याकडच्या एका वकिलाला अटक केली. स्पेनचे पोलीस सांगत होते की, आमच्या मते जुळत नाही. शेवटी तो ठसा दुसऱ्याच माणसाचा निघाला. वकिलाला सोडावे लागले आणि एफबीआयला माफी मागावी लागली. मोठी यंत्रे होती, अनुभवी माणसे होती. तरी एका निरपराध माणसाला तुरुंग पाहावा लागला. तज्ज्ञाच्या एका शब्दावर कुणाचे तरी घर उभे असते, हे विसरू नये.

आपल्या मुलखाकडे वळू. ठशांच्या आधीपासून आपल्या देशात विषाची परीक्षा करणाऱ्या सरकारी प्रयोगशाळा होत्या. मद्रासला १८४९ साली पहिली निघाली, मग कलकत्ता, आग्रा आणि १८७० साली मुंबई. सोमल, धोत्रा, बचनाग ही नावे आपल्याला परकी नाहीत. कातड्याच्या लोभाने जनावरांना सोमल घालीत किंवा गुंजा वाटून त्यांची सुई करून टोचीत. अशी प्रकरणेही या प्रयोगशाळांकडे येत. म्हणजे शेतकऱ्याच्या बैलालाही तिथे दाद मिळे. मुंबईत आज कलिना येथे असलेली न्यायसहायक प्रयोगशाळा १९५८ साली सुरू झाली. आता नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, नांदेड आणि कोल्हापूर येथेही प्रयोगशाळा आहेत. विष, रक्त, दारू, बंदुकीची गोळी, बनावट कागद, मोबाइल फोन, सारे तिथे तपासले जाते. १९८४ साली इंग्लंडमध्ये ॲलेक जेफ्रीज यांनी डीएनएवरून माणूस ओळखण्याची रीत शोधली आणि त्याच दशकात हैदराबादला डॉ. लालजी सिंग यांनी ती आपल्याकडे उभी केली. कपाटातले १०२४ खण जाऊन २०२२ पासून देशभरच्या ठशांचा संगणकीय संग्रह कामाला लागला आहे.

मग हे शिकायचे कुठे? पूर्वी स्वतंत्र शिक्षण नव्हतेच. रसायनशास्त्राचा पदवीधर नोकरीत शिरे आणि काम करता करता शिके. १९५९ साली मध्य प्रदेशातील सागर विद्यापीठाने गुन्हेशास्त्र आणि न्यायसहायक विज्ञान यांचा विभाग काढला. महाराष्ट्रात आज मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. बारावी शास्त्र शाखेनंतर तिथे बी.एस्सी. करता येते, पुढे एम.एस्सी. गुजरातेत गांधीनगरला २००९ साली सुरू झालेले विद्यापीठ २०२० च्या कायद्याने राष्ट्रीय झाले, आणि त्याचे एक आवार गोव्यातही आहे.

पण हाच एक रस्ता आहे असे समजू नका, बरं का. रसायन, भौतिक किंवा जीवशास्त्र घेऊन साधी बी.एस्सी. झालेल्यांसाठीही प्रयोगशाळांत वैज्ञानिक साहाय्यकासारख्या जागा निघतात. जाहिरातीत अर्हता दिलेली असते, ती अक्षर न् अक्षर वाचावी. शवविच्छेदनाचे काम करायचे तर आधी डॉक्टर व्हावे लागते, मग न्यायवैद्यकशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घ्यावे लागते. संगणकाची आवड असेल तर मोबाइल आणि संगणकातले पुरावे तपासण्याचे काम आहे. ठशांची आवड असेल तर पोलीस खात्यात अंगुलिमुद्रा तज्ज्ञाचे काम आहे. त्यासाठी अखिल भारतीय परीक्षा असते.

आणि या माणसांची गरज आता वाढणार आहे. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा, असे तिने सांगितले आहे. राज्यांना ही व्यवस्था उभी करायला पाच वर्षांची मुदत आहे. घटनास्थळ म्हणजे काही शहरच नव्हे. ते तुमच्या शिवारातले विहिरीचे काठ असेल, गोठा असेल, उसाचा फड असेल. तिथली माती, तिथली पिके, तिथली औषधाची बाटली ओळखणारा मुलगा किंवा मुलगी त्या पथकात असली तर कामच होईल.

तेव्हा गुरुजी, एक करा. एके दिवशी विज्ञानाच्या तासाला शाईची गादी घ्या. मुलांना आपापल्या दहा बोटांचे ठसे वहीत उमटवू द्या, गुण मांडून आपला अंश-छेद काढू द्या. मग एका मुलाचा ठसा पेल्यावर घ्या, त्यावर पावडर टाका आणि विचारा, हा कुणाचा? जो मूल घाईने नाव सांगेल त्याला थांबवा. जो म्हणेल, ‘गुरुजी, ठसा पुसट आहे, मला खात्रीने सांगता येत नाही,’ त्याच्या पाठीवर हात ठेवा. तपासाला अशीच माणसे लागतात.

आपल्याकडे न शिकलेल्या माणसाला ‘अंगठेबहाद्दर’ म्हणून हसतात. पण ज्या अंगठ्याला आपण हसलो, त्याच्याच रेषा मोजून दोन शिकलेल्या माणसांनी जगाला एक शास्त्र दिले. अंगठा खोटे बोलत नाही. मात्र तो ज्या कागदावर उमटतो तो कागद खोटा असू शकतो, आणि तो वाचायला शिक्षणच हवे. नांगराच्या निशाणीपासून आपण इथवर आलो. पुढची वाट आपल्या शाळेच्या दारातून जाते.