वाफ्यावरचं पांघरूण : पाचोळा की प्लॅस्टिक?



परसातल्या वांगी-मिरचीला पाणी घालायचं काम बहुतेक घरांत आपल्याकडेच असतं. उन्हाळ्यात सकाळी हंडाभर ओतावं, तर दुपारी वाफा कोरडाठाक. म्हणून माती झाकायची गोष्ट ही आपल्या डोक्यावरच्या हंड्याची गोष्ट आहे.

ही गोष्ट जुनी आहे. ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ असं जाणती माणसं सांगतात. कोळपल्यावर भेगा बुजतात, वरची भुसभुशीत माती खालची ओल धरून ठेवते. म्हणजे मातीचंच पांघरूण! १९३३ साली सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र सुरू झालं. कमी पावसात ओल कशी टिकवावी, हाच तिथला विषय.

प्लॅस्टिक नंतर आलं. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठात एमेरी एमर्ट यांनी १९५०च्या दशकात भाजीच्या पिकाखाली प्लॅस्टिकचा कागद अंथरून पाहिला. तण दबलं, ओल टिकली. भारतात शेतीतल्या प्लॅस्टिकसाठी केंद्र सरकारने १९८१ साली राष्ट्रीय समिती नेमली. पुढे ठिबकच्या जोडीने मल्चिंग पेपर शेतात आला.

त्याच काळात कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर ‘प्रयोग परिवारा’तून वेगळं सांगत होते : घरचा काडीकचरा, पालापाचोळा मातीलाच परत द्या.

आता परसाचा हिशोब करू. पेपरखाली ठिबकची नळी असेल तर ठीक. नसेल तर हंड्याचं आणि पावसाचं बरंचसं पाणी वरूनच वाहून जातं. फाटलेल्या पेपरचे तुकडे मातीत राहतात, जाळले तर विषारी धूर होतो. पाचोळा मात्र पाणी आत जाऊ देतो आणि कुजून खत होतो.

पण पाचोळाही फुकट नसतो. कडबा जनावराचा, पऱ्हाटी चुलीची. मग जनावर खात नाही तेच घ्यावं : झडलेला पाला, बी धरण्याआधी उपटलेलं तण. दोन-तीन बोटं जाड थर द्यावा, खोडापासून थोडा दूर. उधई दिसली तर थर काढून घ्यावा. किडकी बोंडं असलेली पऱ्हाटी मात्र वाफ्यात नको. तिच्यात गुलाबी बोंडअळी दडून राहते.

गटातल्या दोघी-तिघींनी एक वाफा झाकून, एक उघडा ठेवून बघा. कुठे किती हंडे लागले ते मोजा आणि पुढच्या बैठकीत सांगा.