छातीच्या एक्स-रेत ‘डाग’ आला, आता पुढे काय?

कळस, इंदापूर तालुका. इथला माणूस खोकला झाला की आधी जवळच्या डॉक्टरकडे जातो आणि त्यांच्या चिठ्ठीवर बऱ्याचदा बारामती किंवा इंदापूरला जाऊन एक्स-रे काढतो. रिपोर्टमध्ये ‘ओपॅसिटी’ आणि शेवटी ‘क्लिनिकली कोरिलेट करा’ असं लिहिलेलं असतं. तोवर औषधाने खोकला बसलेला असतो. मग फिल्म कपाटावर जाते आणि डॉक्टरकडे परत कुणी जात नाही. आमच्या मते खरा धोका इथेच आहे.

ओपॅसिटी म्हणजे फिल्मवर दिसणारा पांढरा भाग. तो न्यूमोनियाचा असू शकतो, टीबीचा, जुन्या आजाराच्या खुणेचा, फुप्फुसाभोवती साठलेल्या पाण्याचा किंवा गाठीचा. नुसत्या फिल्मवरून नक्की सांगता येत नाही, म्हणून रेडिओलॉजिस्ट ‘कोरिलेट करा’ लिहितात. त्याचा अर्थ, पेशंटला पाहून ठरवा. म्हणून चांगला फॅमिली डॉक्टर आधी विचारतो: ताप किती दिवस? वजन घटलं का? थुंकीत रक्त? बिडी-सिगारेट? घरात कुणाला टीबी झाला होता? आणि जुना एक्स-रे आहे का? पाच वर्षांपूर्वीच्या फिल्मवर तोच डाग तसाच असेल तर निम्मी काळजी तिथेच मिटते. जुन्या फिल्म रद्दीत देऊ नका.

टीबीची शंका आली तर थुंकी तपासतात. लाळ चालत नाही, छातीतून खोकून काढलेला बेडकाच हवा. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणीत टीबीचे जंतू आहेत का आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्यांच्यावर चालेल का, हे दोन्ही कळतं. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत आहे. साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते ५०० होते. २०१२ पासून खाजगी डॉक्टरलाही टीबीच्या पेशंटची नोंद सरकारकडे करावी लागते. यात घाबरण्यासारखं काही नाही. मुलीच्या लग्नाच्या बोलण्यांसाठी आजार लपवणारी घरं आपल्यातही आहेत, पण लपवलेला टीबी आधी घरातल्या लहानग्यांना गाठतो.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. थुंकी तपासण्याआधी मेडिकलमधून स्वतःच लिव्होफ्लॉक्सॅसिनसारखी गोळी आणू नका. तिने टीबी काही दिवस दबतो, बरं वाटतं आणि निदान लांबतं.

न्यूमोनिया निघाला तर औषध संपल्यावर साधारण सहा आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढतात, विशेषतः पन्नाशीपुढच्या आणि बिडी ओढणाऱ्या माणसाचा. डाग गेला नाही तर सीटी स्कॅन, कारण न्यूमोनियाच्या आड कधी कधी कॅन्सरची गाठ असते. हृदय मोठं दिसलं तर ईसीजी आणि टू-डी इको. पाणी झालं असेल तर ते सुईने काढून तपासायला पाठवतात.

आपल्या घरांत एक्स-रेचं आणखी एक निमित्त असतं: गल्फचं मेडिकल आणि हजची तपासणी. माणूस ठणठणीत असतो आणि फिल्मवर जुन्या टीबीची खूण निघते. गल्फच्या मेडिकलमध्ये जुनी खूणही ‘अनफिट’ ठरवू शकते. अशा वेळी एजंटच्या मागे धावण्याआधी आपल्या डॉक्टरला जुनी फिल्म आणि टीबीच्या उपचाराचे कागद दाखवा. खूण जुनी आहे की आजार जागा आहे, हे तेच तपासून सांगतील.

रमजानमध्ये टीबीची गोळी चुकवू नये. आजाऱ्याला रोजे नंतर ठेवण्याची सवलत सूरह बकराच्या १८५व्या आयतीत आहे. तब्येत बरी असेल आणि रोजा ठेवायचाच असेल तर गोळी सहरीला घ्यायची की इफ्तारला, हे डॉक्टरांनाच विचारा. या गोळ्यांनी लघवी केशरी होते. ते रक्त नव्हे, त्या भीतीने औषध सोडू नका.

एक्स-रे हातात आला की पाकिटावर पेनाने पुढच्या भेटीची तारीख लिहून घ्या. अब्बू किंवा दादी एकटे जाणार असतील तर घरातल्या कुणीतरी सोबत जावं आणि डॉक्टरांना सरळ विचारावं: हा डाग कशाचा वाटतो, आणि पुढची फिल्म कधी काढायची?