धाब्याच्या घरातलं मांजर

देशात 1919–20 पासून पशुगणना होते. 2019 साली विसावी झाली. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, घोडा, गाढव, उंट, डुक्कर, कुत्रा, ससा, हत्ती आणि कोंबड्यासुद्धा तिच्यात मोजल्या गेल्या. मांजर मात्र नाही. पशुधन पर्यवेक्षक म्हणून मी पारोळा तालुक्यात दारोदार फिरून हे काम केलं आहे. ओट्यावर मांजर अंग चाटत बसलेलं असायचं आणि मी घरधन्याला विचारायचो, “बैल किती? दुभती जनावरं किती?” मांजराबद्दल मी विचारत नसे आणि तोही सांगत नसे. नोकरी संपल्यावर हा विषय मनातून जाईना. ज्या प्राण्यानं पिढ्यान् पिढ्या आपलं धान्य राखलं, त्याच्या दुखण्याखुपण्याची दखल आपण इतकी उशिरा का घेतली?

पारोळा हे पेठेचं गाव. जहागीरदार हरी सदाशिव दामोदर यांनी 1727 मध्ये इथला भुईकोट बांधला आणि त्याच्या आसऱ्यानं बाजार वाढला. आसपासच्या शिवारातली ज्वारी, बाजरी, भुईमूग, कापूस इथे येई. जुनी घरं धाब्याची. जाड मातीच्या भिंती, लाकडी तुळया, वर मातीचा थर. आत शेणानं सारवलेल्या बांबूच्या कणग्या, त्यांत वर्षाचं धान्य. भिंतीत बीळ पाडायला माती मऊ आणि पोटाला दाणे हाताशी, त्यामुळे उंदरांची चंगळ. अशा घरात मांजर हौसेनं पाळत नसत, ते कामाला ठेवलेलं असे. सकाळी बशीभर दूध, उरलेला भाकरीचा कुस्करा, बाकी पोट त्याचं त्यानं भरायचं. आजारी पडलं तर कोपरा धरायचं. बरं झालं तर पुन्हा दिसायचं, नाही झालं तर दिसायचं नाही.

त्याला धर्माचं संरक्षण होतं. मांजर सटवाईचं वाहन, आणि ते हातून मेलं तर काशीला सोन्याचं मांजर दान द्यावं लागतं, ही धास्ती घरोघर होती. मांजर मारणं पाप होतं, पण आजारी मांजराला औषध देणं हे कुणाचंच कर्तव्य नव्हतं. जीव घ्यायचा नाही एवढ्यावर आपण थांबलो, असं मला वाटतं.

मांजराकडे आरोग्याच्या नजरेनं प्रथम पाहिलं गेलं ते माणसाच्या आरोग्यासाठी. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि रेल्वेनं, व्यापाऱ्यांच्या मालाबरोबर आत पसरला. घरात उंदीर पडू लागले की लोक गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहत. मेलेल्या उंदराच्या अंगावरच्या पिसवा माणसाला चावून रोग देतात, हे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईतल्या ग्लेन लिस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामानं पक्कं झालं. त्याच सुमारास खानदेशाला लागून असलेल्या वऱ्हाडात, अमरावतीला, ब्यूकॅनन नावाचे सरकारी डॉक्टर होते. ज्या गावांत घरागणिक मांजरं भरपूर, तिथे प्लेग कमी, असं त्यांना आढळलं आणि 1908 मध्ये त्यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ते मांडलं. मांजर पाळा, प्लेग टाळा, असा त्यांचा सल्ला होता. आज आपल्याला ठाऊक आहे की मांजरालाही प्लेग होतो आणि त्याच्याकडून तो माणसालाही होऊ शकतो. पण मला यातली दुसरी गोष्ट जास्त टोचते. मांजर आपल्याला वाचवील का, याचा विचार झाला. त्या साथीत किती मांजरं मेली, हे कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही.

पशुवैद्यक आपल्याकडे आलं ते घोडे आणि गुरांसाठी. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय उभं राहिलं आणि 1886 मध्ये त्याला जोडून मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय निघालं. तालुक्यांच्या गावी दवाखाने झाले, त्यांची धास्ती बुळकांडी, घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकुत. ते साहजिकच होतं. बैल गेला की शेतकरी आडवा, म्हैस गेली की घरातलं दूध बंद. बुळकांडी पुढे 2011 मध्ये जगातूनच हद्दपार झाली, हे फार मोठं काम आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. पण त्या सगळ्या काळात आमच्या दवाखान्याला लोक ‘ढोरांचा दवाखाना’ म्हणत. मांजर घेऊन तिथे यायचं असतं, हे कुणाच्या मनातच नसे.

पहिल्यांदा लोक आले ते बोके घेऊन. “भाऊ, बोका दोन दिनपासून काहीच खास नही,” असं म्हणत एक आजी पिशवीत बोका घालून आल्या होत्या. काही खात नाही, राखेच्या ढिगावर वारंवार बसतो, जोर करतो, पुन्हा उठतो. घरच्यांनी कोठा बांधला असं समजून एरंडेल पाजलं होतं. डॉक्टरांनी बोक्याच्या पोटाखाली, मागच्या पायांच्या पुढे, बोटं हलकेच दाबली आणि मग माझा हात तिथे ठेवला. लिंबासारखी टणक गाठ लागली. ते मूत्राशय होतं, गच्च भरलेलं. शौचाचा त्रास नव्हताच, लघवी अडली होती. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो, त्यात खडा किंवा चिकट गाळ अडकतो. लघवी अडली की रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि दोन-तीन दिवसांत हृदय थांबतं. गुंगी देऊन बारीक नळी घालावी लागते. त्या दिवशी नळी गेली आणि बोका वाचला. गावोगाव असे किती बोके एरंडेल पिऊन गेले असतील, या विचारानं आजही जीव कळवळतो.

घरगुती उपाय असे पुष्कळ होते आणि सगळे प्रेमापोटी केलेले. पिसवा झाल्या की रॉकेल चोळायचं. मांजर अंग चाटतं, म्हणजे ते रॉकेल पोटात जातं. जखमेवर फिनाईल लावायचं; त्यातले पदार्थ मांजराच्या यकृताला पचत नाहीत. आता घरोघरी पॅरासिटामॉल आली आहे. माणसाचा ताप उतरवणारी ती एक गोळी मांजराचा जीव घेते, कारण ती निकामी करून बाहेर टाकण्याची यंत्रणा त्याच्या यकृतात फार तोकडी आहे. कुत्र्यांसाठीच्या गोचीडाच्या औषधांपैकी ज्यांत परमेथ्रिन असतं, तीही मांजराला विषच. आणि आपल्या काळ्या मसाल्याच्या रश्श्यातला कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो. रस्सा-भाकरी कालवून त्याच्यापुढे ठेवू नये.

खरा बदल मात्र घरांनी केला. धाब्याची घरं पडून स्लॅबची झाली. कणग्या गेल्या, पत्र्याच्या कोठ्या आल्या. फरशीत बीळ पडत नाही. घरातले उंदीर कमी झाले आणि गोदामात, शेतात जे उरले, त्यांच्यासाठी झिंक फॉस्फाईड आलं; विषानं मेलेला उंदीर खाऊन मांजरं दगावू लागली. मांजराचं काम गेलं, त्याबरोबर त्याचं खाणंही गेलं. लोकांनी दूध-भाकरी वाढवली. पण दूध-भाकरी हे मांजराचं पोटभर अन्न कधी नव्हतंच, उंदीर होता म्हणून ते चालत होतं. मांजर पूर्ण मांसाहारी आहे. त्याला लागणारं टॉरीन मांसात मिळतं, धान्यात नाही. ते कमी पडलं तर डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदय फुगून अशक्त होतं. हृदयाचा हा संबंध 1987 मध्ये कॅलिफोर्नियातल्या पॉल पायन यांनी दाखवला, त्यानंतर कंपन्यांनी मांजरांच्या खाद्यात टॉरीन वाढवलं. ज्यांच्या घरी मांस चालत नाही, त्यांनी निदान टॉरीन असलेलं तयार खाद्य तरी द्यावं. आमच्या भागात अजून कितीतरी मांजरं नुसत्या दूध-भाकरीवर आहेत.

म्हणून मी सांगतो ते असं. मांजराची राखण आता आपल्याकडे आली आहे, आणि राखण म्हणजे आधी लक्ष ठेवणं. मांजर दुखणं लपवतं; ते कण्हत नाही, कोपऱ्यात जाऊन बसतं. त्यामुळे अंगावरच्या खुणा वाचायला शिकलं पाहिजे. मोठ्या मांजराचं वजन साधारण तीन ते पाच किलो. महिन्यातून एकदा त्याला पिशवीत घालून भुसार दुकानातल्या काट्यावर तोला. चार किलोच्या मांजराचं अर्धा किलो वजन उतरलं, तर ती मोठी गोष्ट आहे. झोपलेलं असताना बरगड्यांकडे पाहून मिनिटाचे श्वास मोजा, ते तिसाच्या वर सतत जायला नकोत. ताप मोजला तर 100.5 ते 102.5 फॅरनहाइट हे त्याचं नेहमीचं अंग, आपल्या हाताला ते गरमच लागणार. हिरड्या गुलाबी हव्यात. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच बसली पाहिजे. बसत नसेल तर अंगातलं पाणी आटलं आहे. मांजराचे पूर्वज कोरड्या मुलखातले, त्याला तहान कमी लागते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. तेव्हा घरात दोन-तीन ठिकाणी मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवा आणि खाण्यात थोडं पाणी घाला.

लस टाळू नका. पिल्लू आठ आठवड्यांचं झालं की पॅनल्युकोपेनिया आणि सर्दीचे दोन विषाणू अशा तीन रोगांची एकत्र लस, तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुन्हा, आणि बारा आठवड्यांनंतर रेबीजची. रेबीज कुत्र्याचाच असतो असं नाही. पिसाळलेल्या मांजराचा चावाही तितकाच घातक, आणि घरातली लहान मुलं सगळ्यात आधी मांजरालाच उचलतात.

तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना मांजरांचाही आहे. तिथे मांजर घेऊन जायला लाजू नका. म्हशीच्या रांगेत पिशवी धरून उभं राहण्यात कमीपणा नाही. मांजरानं चोवीस तास खाल्लं नाही, किंवा बोका जोर करूनही लघवी करत नसेल, तर घरात काही पाजू नका आणि उद्यावर टाकू नका. त्याच दिवशी घेऊन जा.