यूएसबी उपकरण ‘झोपलंय’ की जागं आहे? लिनक्स कर्नल ही नोंद कशी ठेवतो?

लॅपटॉपला एक्सटर्नल हार्डडिस्क जोडलेली आहे, पण तिच्यावर काहीच कॉपी होत नाहीये. तरीही पोर्ट आणि डिस्क यांच्यातला दुवा, म्हणजे लिंक, चालू ठेवायला वीज लागतेच. ही वीज वाचवण्यासाठी काम नसताना लिंकला झोपवलं जातं. याला ‘लिंक पॉवर मॅनेजमेंट’ किंवा एलपीएम म्हणतात.

यात बॅटरी वाचते. पण उपकरण नीट जागं झालं नाही, तर डिस्क मध्येच डिसकनेक्ट होऊ शकते आणि बॅकअप अर्धवट राहतो. अशा वेळी आधी हे कळायला हवं की, त्या उपकरणासाठी एलपीएम चालू होतं का? लिनक्समध्ये याचं उत्तर कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याकडे असतं.

झोपेच्या पायऱ्या किती?

यूएसबी ३.० मध्ये लिंकच्या चार अवस्था आहेत.

- यू०: लिंक पूर्ण जागी, डेटाची ये-जा सुरू.
- यू१: हलकी डुलकी. जागं व्हायला उपकरणाला जास्तीत जास्त १० मायक्रोसेकंद लागतात.
- यू२: जरा गाढ झोप. जागं व्हायला सुमारे २ मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागू शकतो.
- यू३: सस्पेंड, म्हणजे सर्वांत गाढ झोप.

यू३ मध्ये जाण्याचा आदेश सॉफ्टवेअर देतं. यू१ आणि यू२ चं तसं नाही. कर्नल फक्त परवानगी देतो आणि किती वेळ शांतता असली की झोपायचं, ते ठरवून देतो. पुढे झोपणं-उठणं हार्डवेअर स्वतःच करतं. दर वेळी कर्नलला विचारत बसलं, तर वाचवलेली वीज त्यातच जाईल.

मग कर्नल नेमकं काय नोंदवतो?

लिंक या क्षणी झोपलेली आहे का, हे नव्हे. यू१ आणि यू२ ची परवानगी दिलेली आहे का, एवढंच तो नोंदवतो. सिसएफएस या आभासी फाइल सिस्टीममध्ये प्रत्येक यूएसबी उपकरणाचं ‘पॉवर’ नावाचं फोल्डर असतं. एलपीएम शक्य असलेल्या यूएसबी ३ उपकरणासाठी तिथे यू१ आणि यू२ च्या दोन वेगळ्या फाइल दिसतात. त्यात ‘इनेबल्ड’ किंवा ‘डिसेबल्ड’ असं लिहिलेलं असतं.

आधी या दोन्हींसाठी एकच फाइल होती. पण एखाद्या उपकरणाला यू१ जमतं आणि यू२ जमत नाही, असं होऊ शकतं. तेव्हा एकाच ‘हो’ किंवा ‘नाही’ मधून खरी स्थिती कळत नव्हती. म्हणून नोंदी वेगळ्या केल्या गेल्या.

परवानगी कधी नाकारली जाते?

उपकरण स्वतःला जागं व्हायला किती वेळ लागतो, हे जोडल्यावर सांगतं. वाटेतल्या हबचा वेळही धरून कर्नल हिशोब करतो. ठरावीक अंतराने डेटा पाठवणाऱ्या उपकरणाला तेवढ्यात उठणं शक्य नसेल, तर ती पायरी बंद ठेवली जाते.

काही कामांपुरतं एलपीएम थांबवावंही लागतं, उदाहरणार्थ उपकरण रीसेट करताना. कर्नलचे वेगवेगळे भाग एकाच वेळी अशी विनंती करू शकतात, म्हणून प्रत्येक उपकरणासाठी एक मोजणी ठेवली जाते. विनंती आली की आकडा वाढतो, काम संपलं की कमी होतो. तो शून्यावर आल्याशिवाय एलपीएम पुन्हा सुरू होत नाही. एकाचं काम संपलं म्हणून दुसऱ्याचं काम चालू असताना लिंक झोपू नये, हा यामागचा हेतू.

सामान्य वापरकर्त्याला याचा उपयोग काय?

डिस्क वारंवार तुटत असेल, तर या दोन फाइल वाचून बघता येतात. दोन्हींत ‘डिसेबल्ड’ असेल, तर दोष बहुधा यू१-यू२ मध्ये नाही. केबल, पोर्ट किंवा अपुरा वीजपुरवठा तपासायला हवा. ‘इनेबल्ड’ असेल, तर ॲडमिनचे अधिकार वापरून त्या पोर्टपुरतं यू१-यू२ बंद करून पाहता येतं. त्यानंतर डिस्क टिकली, तर संशयाला आधार मिळतो.

एलपीएम न झेपणाऱ्या काही उपकरणांची यादी कर्नलमध्येच असते आणि त्यांच्यासाठी ते आपोआप बंद राहतं. त्यामुळे सरसकट सगळ्या पोर्टवर एलपीएम बंद करायची गरज नसते. तसं केलं तर एका डिस्कपायी सगळ्या लॅपटॉपची बॅटरी भुर्दंड सोसते.