जंगल बुक : पहिला भाग (वऱ्हाडातील पुनर्दर्शन आणि चर्चा)

रडयार्ड किपलिंगच्या मोगली-कथांवर आधारलेल्या जपानी ॲनिमे मालिकेचा आरंभ. ही मालिका भारतात दूरदर्शनवर हिंदीतून दाखवली गेली. अमरावती, अकोला आणि एकूण वऱ्हाडात १९९० च्या दशकात लहान असलेल्या पिढीने पाहिलेली ही बहुधा पहिली ॲनिमे मालिका. ती जपानी आहे हे मात्र तेव्हा थोड्यांनाच माहीत होते. ती पिढी आता आपल्या मुलांसोबत हाच आरंभ पुन्हा पाहते आणि त्यावर बोलते. मालिकेचे जंगल सातपुड्यातले आहे. मेळघाट आणि नरनाळाही त्याच सातपुड्यात येतात, म्हणून ही नोंद वऱ्हाडच्या कोशात घेतली आहे.

मूळ मालिका : निर्मिती निप्पॉन ॲनिमेशन, दिग्दर्शन फुमिओ कुरोकावा, भाग ५२. जपानमध्ये ऑक्टोबर १९८९ ते ऑक्टोबर १९९० या काळात टीव्ही टोकियोवर प्रक्षेपण. आधार किपलिंगची ‘द जंगल बुक’ (१८९४) आणि ‘द सेकंड जंगल बुक’ (१८९५) ही पुस्तके; मात्र ५२ भाग भरण्यासाठी अनेक प्रसंग आणि पात्रे नव्याने घातलेली आहेत. लांडग्यांच्या कुटुंबातील अलेक्झांडर आणि लूरी ही नावे मालिकेची आहेत. पुस्तकात बापलांडग्याला नाव नाही, तर आईचे नाव रक्षा आहे.

वऱ्हाडातील पहिले दर्शन : दूरदर्शनवर १९९३ मध्ये रविवारी सकाळी. १९८४ च्या सुमारास देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे पसरले आणि जिल्ह्यांच्या शहरांत दूरचित्रवाणी पोचली. या प्रक्षेपकांचा पल्ला थोडा असे. शहराबाहेरच्या गावांत उंच बांबूवर अँटिना चढवून तो फिरवत बसावे लागे, आणि वारा सुटला की चित्रात मुंग्या येत. मेळघाटातील डोंगराआडच्या वस्त्यांपर्यंत हे चित्र पोचणे अवघडच होते. ज्या जंगलाची ही गोष्ट, त्याच्या अगदी शेजारच्या पोट्ट्यांना ती उशिरा मिळाली. त्या काळी बऱ्याच घरांतील संच कृष्णधवल होते. पुन्हा पाहताना अनेकांना हे जंगल इतके हिरवे असल्याचे प्रथमच दिसते, आणि पुढील विवेचनासाठी ही बाब महत्त्वाची आहे.

कथाभाग : माणसाचे एक मूल जंगलात एकटे सापडते. शेरखान हा वाघ त्यावर हक्क सांगतो. लूरी त्याला आपल्या पिलांत घेते. अकेला या म्होरक्याच्या कळपापुढे प्रश्न येतो. भालू आणि बघीरा मुलाच्या बाजूने उभे राहतात. हा गाभा आरंभीच्या भागांत मिळून पुरा होतो.

स्थळ आणि निसर्गचित्रण : किपलिंगने कथा सिवनीच्या डोंगरांत आणि वैनगंगेच्या काठी घडवली. तो स्वतः सिवनीला कधी गेला नव्हता, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मोगलीची पहिली कथा त्याने अमेरिकेतील व्हर्माँटमध्ये लिहिली. रॉबर्ट आर्मिटेज स्टर्नडेल यांच्या सातपुड्यातील शिकारजीवनावरील ‘सिवनी’ या १८७७ च्या पुस्तकातून त्याने भूगोल घेतला, तर लांडग्यांनी वाढवलेल्या मुलांच्या हकिकती विल्यम स्लीमन यांनी १८५२ मध्येच छापल्या होत्या. म्हणजे जपानी चित्रकारांच्या हाती आलेले जंगल मुळातच वाचून लिहिलेले होते.

वैनगंगा सिवनी जिल्ह्यात उगम पावते, भंडारा आणि गोंदियातून चंद्रपूर-गडचिरोलीकडे उतरते आणि वर्धा नदीला मिळते; संगमापुढे तिला प्राणहिता म्हणतात. अमरावती जिल्ह्याची पूर्व सीमा आखणारी नदी ती हीच वर्धा. मेळघाटातील सिपना, खंडू, खापरा, गाडगा आणि डोलार या नद्या मात्र तापीकडे वाहतात. एकाच सातपुड्याचे पाणी असे दोन समुद्रांना जाते.

मालिकेतील जंगल दाट आहे. त्याच्या वेली वर्षभर ओल्या दिसतात. सातपुड्याचे खरे जंगल शुष्क पानझडी आहे. मेळघाटात मुख्य झाड सागाचे. माघ-फाल्गुनात पान गळते, पळस फुलतो, जमीन वाळक्या पानांनी भरून जाते आणि तिच्यावरून मुंगूस गेले तरी आवाज होतो. चैत्रानंतर डोंगर राखाडी होतात, प्राणी उरलेल्या डोहांभोवती गोळा होतात आणि मोहाच्या झाडाखाली पहाटे अस्वल येते. उन्हाळ्याने उघडे पडलेले हे रान पडद्यावर जवळजवळ नाहीच. किपलिंगने दुष्काळातील पाणवठ्याची कथा लिहून त्याचे भान ठेवले होते. चित्रकारांनी मात्र पाहणाऱ्याच्या मनातले ‘जंगल’ रंगवले, आणि मालिकेचा सर्वांत मोठा उणेपणा तोच. कृष्णधवल संचावर पाहणाऱ्या मुलांपुढे ही अडचण नव्हती. चिखलदऱ्याच्या सहलीत पाहिलेले रान ती पडद्यावर भरून घेऊ शकत होती.

प्राण्यांपैकी भालू हे खरे तर भारतीय अस्वल, काळे, लांब नखांचे, वाळवी आणि मोह खाणारे. किपलिंगने त्याला तपकिरी म्हटले आहे. सातपुड्यात तपकिरी अस्वल नाही. बघीरा म्हणजे काळा बिबट्या. ती वेगळी जात नसून एरवीचाच बिबट्या गडद रंगाचा झालेला असतो. असे बिबटे ओल्या जंगलांत अधिक आढळतात. तरी अलीकडच्या दशकात ताडोबा आणि पेंच येथेही ते दिसले आहेत. मालिकेतील किची हा तांबडा पांडा हिमालयाच्या पूर्व भागातला. सातपुड्याशी त्याचा संबंध नाही, आणि मुलांना हे सांगायला हवे. लांडगा दाट जंगलाचा प्राणी नव्हे. त्याला माळरान, गवत आणि विरळ झुडपे लागतात. पूर्वीच्या अकोला जिल्ह्यातील (१९९८ पासून वाशीम) कारंजा-सोहोळच्या काळविटांच्या माळासारखे रान हे त्याचे खरे घर. मोगलीचे कुटुंब पाहायचे असेल तर वऱ्हाडकराने डोंगराऐवजी माळाकडे जावे. कळप करून राहणारा सातपुड्याच्या जंगलातला खरा शिकारी म्हणजे कोळसून, रानकुत्रा. किपलिंगने त्यांना दख्खनेतून येणारी धाड म्हणून रंगवले. मेळघाटात कोळसून आहेत.

शेरखान आणि वऱ्हाडातील वाघ : पुन्हा पाहताना सर्वाधिक बोलणे या पात्रावर होते, आणि व्हायलाही हवे. वाघ हा पहिल्यापासूनच खलनायक आहे. मूल कुणाचे यावर वाद होण्याआधीच पाहणाऱ्याने बाजू घेतलेली असते. हिंदीत शेरखानला दिलेल्या नाना पाटेकर यांच्या आवाजाने ही बाजू आणखी पक्की केली.

मेळघाटातील कोरकू वाघाला ‘कुला मामा’ म्हणतात. मामाची भीती असते, त्याला मान द्यावा लागतो, त्याच्या वाटेत उभे राहायचे नसते. पण तो घरातला असतो. मेळघाट व्याघ्र प्रकल्प १९७३-७४ मध्ये, देशातील पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक म्हणून स्थापन झाला. त्याच्या दोन दशकांनंतर अमरावतीच्या मुलांनी वाघाचा तिरस्कार करणारी मालिका पाहिली. मालिका वाईट आहे असा याचा अर्थ नाही. तिच्याशेजारी कोरकूंची समज ठेवल्याशिवाय वऱ्हाडात ती दाखवू नये, एवढाच आमचा आग्रह.

किपलिंगची बाजूही नीट वाचली पाहिजे. त्याचा शेरखान जन्मापासून एका पायाने लंगडा आहे आणि म्हणून गुरे मारतो. चपळ सावज न जमणारा वाघ गुराढोरांकडे वळतो, हे निरीक्षण वनाधिकाऱ्यांच्या अनुभवाशी जुळते. कथेच्या आरंभी लांडग्यांची पहिली तक्रारही वेगळी आहे : शेरखानने न सांगता आपले शिकारीचे क्षेत्र बदलले.

वाघ क्षेत्र का बदलतो, याचे वऱ्हाडी उदाहरण अलीकडचे आहे. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या एका तरुण नर वाघाला फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावण्यात आली. जन्मस्थानी जागा नव्हती म्हणून तो निघाला. महाराष्ट्र आणि तेलंगणातील शेते, ओढे आणि रस्ते ओलांडत डिसेंबर २०१९ पर्यंत सुमारे १,३०० किलोमीटर चालून तो बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. बराचसा प्रवास रात्रीचा होता, आणि दिवसा तो झुडपांत, नाल्यांत पडून राही. तुरीच्या आणि कपाशीच्या ज्या पट्ट्यात वऱ्हाडची माणसे दिवसा राबतात त्यातूनच तो गेला. शेरखानवरील कोणत्याही चर्चेत या वाघाची वाट नकाशावर बोटाने दाखवावी. मुलांना ‘दुष्ट’ या शब्दापलीकडचे काही सापडते.

याच यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा परिसरात १३ माणसांच्या मृत्यूस जबाबदार धरलेली वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी मारण्यात आली. तिच्यावरील आरोप आणि मारण्याची रीत यांविषयी तीव्र मतभेद आहेत.

हिंदी रूप : शीर्षकगीत गुलजार यांचे, संगीत विशाल भारद्वाज यांचे, आवाज अमोल सहदेव या बालगायकाचा. गीतातील वस्त्रवाचक शब्दावर तेव्हा हरकत घेतली गेली होती, अशी आठवण सांगितली जाते; शब्द राहिला. २०१६ च्या हॉलिवूडपटाच्या हिंदी आवृत्तीत शेरखानसाठी पुन्हा नाना पाटेकर होते आणि हेच गीत प्रसिद्धीसाठी नव्याने ध्वनिमुद्रित झाले.

पुनर्दर्शन आणि चर्चेची रीत : टाळेबंदीत ८ एप्रिल २०२० पासून दूरदर्शनने ही मालिका दुपारी पुन्हा सुरू केली. त्या उन्हाळ्यात शाळा बंद होत्या, मोठी माणसेही घरीच होती, आणि १९९३ चे प्रेक्षक प्रथमच मुलांसह आरंभापासून बसले. घरातील आजीआजोबा, आईवडील आणि नातवंडे यांनी एकत्र पाहताना भाग मध्येच थांबवून बोलण्याची सवय लागते. पहिला प्रश्न बहुधा वाघाचाच येतो : वाघ माणसाले कावून मारते? त्याचे उत्तर देण्यासाठी पाहणाऱ्या मोठ्यांना सांगण्यासारखे काही माहीत असावे लागते. मेळघाटातील सेमाडोह किंवा कोलकासला गेलेला एखादा मामा, गुरे राखलेले आजोबा, जंगलखात्यातला शेजारी अशा वेळी मालिकेपेक्षा मोलाचा ठरतो. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी मेळघाटासह विदर्भातील जंगलांत वनसेवा केली आणि प्राणी, पक्षी, झाडे यांची लोकांच्या तोंडची नावे मराठीत नोंदवली. ‘रानवाटा’ आणि ‘पक्षी जाय दिगंतरा’ ही त्यांची पुस्तके शेजारी असली की पडद्यावरील चुका आपोआप उघड होतात. मुलांकडून त्या चुकांची यादी करवून घेणे ही चर्चेची सर्वांत फलदायी रीत आहे. त्याने मालिकेवरचे प्रेम कमी होत नाही. दुसऱ्यांदा पाहताना लूरीने मुलाला जवळ घेण्याचा प्रसंग मोठ्यांना लहानांहून अधिक हलवतो, आणि त्या प्रसंगाला प्राणिशास्त्राच्या दुरुस्तीची गरज नाही.

नंतरच्या मालिका : २००५ च्या सुमारास ‘डोरेमॉन’ आणि ‘शिनचान’ हिंदीत आल्या. दोन्ही जपानी शहरांतील घरांच्या गोष्टी असल्याने प्रस्तुत कोशाच्या कक्षेत येत नाहीत.