पडद्यावर अक्षर कोण काढते? लिनक्सचा डेस्कटॉप आणि देवनागरी

डेबियनसारखे लिनक्स अगदी किमान स्वरूपात लॅपटॉपवर बसवले, तर यंत्र सुरू झाल्यावर समोर काळा पडदा आणि लुकलुकणारा कर्सर एवढेच दिसते. आज्ञा देता येतात, प्रोग्रॅम चालतात, मोठमोठी आकडेमोडही होते. पण खिडक्या नसतात, माऊसचा बाण नसतो. ग्राफिकल डेस्कटॉप हा लिनक्सच्या गाभ्याचा भाग नाही. तो वरून चढवावा लागतो, आणि तोही थराथराने.

इंग्रजीत काम करणाऱ्याला हा डेस्कटॉप सोय वाटेल. मराठी वाचणाऱ्यासाठी मात्र ती गरज आहे. लिनक्सच्या मूळ कन्सोलच्या फाँटमध्ये जास्तीत जास्त ५१२ आकृत्या मावतात, आणि प्रत्येक संकेतांकासाठी एका चौकटीत एक आकृती, असा तिथला नियम. रोमन लिपीला तो पुरतो. देवनागरीला तो मुळातच लागू पडत नाही.

‘स्थिती’ हा शब्द घ्या. संगणकाच्या स्मृतीत तो स, हलन्तचिन्ह, थ, ऱ्हस्व वेलांटी, त, दीर्घ वेलांटी अशा सहा संकेतांकांच्या क्रमाने साठवला जातो. पडद्यावर मात्र ऱ्हस्व वेलांटी सर्वांत आधी, अर्ध्या ‘स’च्याही डावीकडे काढावी लागते. म्हणजे उच्चाराचा क्रम निराळा आणि रेखाटनाचा निराळा. हे रूपांतर कुणीतरी करायला हवे. ते डेस्कटॉपच्या कोणत्या थराने करायचे, हा प्रश्न भारतीय भाषांच्या संगणकीय इतिहासात कळीचा ठरला.

यातला सर्वांत खालचा थर लिनक्सपेक्षाही जुना आहे. १९८४ मध्ये अमेरिकेतील एमआयटीत बॉब शाइफलर आणि जिम गेटिस यांनी ‘एक्स विंडो सिस्टिम’ची सुरुवात केली. तिची अकरावी आवृत्ती, म्हणजे एक्स-११, १९८७ मध्ये आली आणि पुढे काही दशके टिकली. एक्सचे तत्त्व असे, की आम्ही फक्त साधन देऊ. खिडकी कशी दिसावी, बटण कुठे असावे हे ठरवणार नाही. त्यामुळे १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांचे लिनक्स आले, त्यावर एक्स चालू लागले, तरी सर्व प्रोग्रॅमांना एकसारखे रूप देणारा डेस्कटॉप नव्हता.

ही उणीव भरून काढण्यासाठी १९९६ मध्ये जर्मनीतील माथियास एट्रिख यांनी केडीई हा प्रकल्प मांडला. त्यासाठी निवडलेल्या ‘क्यूटी’ या टूलकिटचा परवाना तेव्हा पूर्णतः मुक्त नव्हता. यावर आक्षेप घेऊन मेक्सिकोतील मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना यांनी १९९७ मध्ये ग्नोम हा दुसरा प्रकल्प सुरू केला. २००० मध्ये क्यूटी जीपीएल परवान्याखाली आले आणि वाद निवळला. दोन्ही डेस्कटॉप मात्र राहिले. आजही लॉगिनच्या पडद्यावर ग्नोम की प्लाझ्मा असा पर्याय दिसतो, त्यामागे हा परवान्याचा इतिहास आहे.

याच सुमारास भारतात निराळे काम चालले होते. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये राष्ट्रीय मानक झाली होती, आणि युनिकोडने आपल्या भारतीय लिप्यांची मांडणी तिच्याच आधीच्या, १९८८ च्या आवृत्तीवर बेतली होती. संकेतांक ठरले, रेखाटनाचे काय? मुंबईच्या ‘राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रा’ने, म्हणजे एनसीएसटीने, ‘इंडिक्स’ प्रकल्पात थेट एक्सच्या पातळीवरच भारतीय लिप्यांची सोय करण्याचा मार्ग धरला. त्यामागचा तर्क सरळ होता : पायाच देवनागरी शिकला, तर वरच्या प्रोग्रॅमांना वेगळे शिकवावे लागणार नाही.

परंतु प्रवाह उलट दिशेला वळला. अक्षरे काढण्याचे काम एक्सकडून निघून टूलकिटकडे सरकू लागले. २००२ मध्ये आलेल्या ग्नोम २ मध्ये ‘पँगो’ हा मजकूर मांडणारा घटक होता. त्याचे नाव ग्रीक ‘पॅन’ म्हणजे सर्व आणि जपानी ‘गो’ म्हणजे भाषा यांच्या जोडणीतून आले आहे. क्यूटीची व्यवस्था स्वतंत्र होती. परिणामी तेच जोडाक्षर एका प्रोग्रॅममध्ये नीट दिसे आणि दुसऱ्यात मोडून पडे. पुढे ‘हार्फबझ’ या समाईक घटकाने ही दुही मिटवली. आज ग्नोम, केडीई, फायरफॉक्स, लिबरऑफिस आणि अँड्रॉइड अक्षरजुळणीसाठी त्यावरच विसंबतात.

फाँटांचा भाग यात पुण्याशी जोडलेला आहे. मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले ‘लोहित’ फाँट रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली खुले केले आणि अनेक लिनक्स वितरणांना भारतीय लिप्या मिळाल्या. सी-डॅकचे ‘बॉस’ लिनक्स, केरळच्या शाळांमधील उबुंटूवर आधारलेली प्रणाली, संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये स्वीकारलेले ‘माया’ : या साऱ्यांखाली हेच थर आहेत. स्वदेशी नाव वरच्या थराला मिळते. अक्षर उमटते ते जगभरच्या लोकांनी मिळून सांभाळलेल्या खालच्या थरांमुळे.

आता पाया पुन्हा बदलतो आहे. क्रिस्टियान ह्योग्सबेर्ग यांनी २००८ मध्ये सुरू केलेले ‘वेलँड’ एक्सची जागा घेत आहे. ऑक्टोबर २०२५ च्या उबुंटू २५.१० मध्ये ग्नोम एक्सवर चालवण्याचा पर्याय उरलेला नाही. वेलँडमध्ये अक्षरांचे रेखाटन प्रोग्रॅमकडेच असते, त्यामुळे देवनागरी दिसण्यात अडचण नाही. प्रश्न टंकनाचा आहे. एक्समध्ये एका प्रोग्रॅमला दुसऱ्याकडे जाणाऱ्या कळा वाचता येत. वेलँडने सुरक्षेसाठी ती वाट बंद केली. म्हणून आयबससारख्या टंकनसाधनाला आता खिडक्या सांभाळणाऱ्या घटकाचे सहकार्य लागते, आणि ते प्रत्येक डेस्कटॉपमध्ये सारखे नसते.

तेव्हा लॅपटॉपवर डेस्कटॉप बसवाल तेव्हा पार्श्वचित्र निवडण्याआधी एक चाचणी घ्या. ‘स्थिती’, ‘कृत्रिम’, ‘वाऱ्यावर’ हे शब्द टर्मिनलमध्ये, ब्राउझरमध्ये आणि संपादकात टंकून पाहा. कुठे अक्षर मोडले, तर कोणत्या थरात मोडले ते शोधा आणि त्या प्रकल्पाकडे रीतसर नोंदवा. पँगो किंवा हार्फबझ लिहिणाऱ्यांना मराठी येत असेलच असे नाही. ‘वाऱ्यावर’मधला रफार चुकला आहे, हे त्यांना ती वाचणाऱ्यानेच सांगावे लागते.